मामाची पहिली वाकळ : प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार, भाऊबीज

ओवाळून झाल्यावर ताटात पाकीट टाकलं, तर धाकटी म्हणाली, "दादा, दरवर्षी पाकीटच. यंदा मामा होणारेस, काहीतरी हातानं करून दे की." तोंडातून निघून गेलं, "वाकळ देतो." बाबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. आईनं गंमत समजून सोडून दिलं.

हसण्यासारखंच आहे म्हणा. कुपवाड एमआयडीसीत फॅब्रिकेशनची ड्रॉइंग काढतो मी. सुईचा संबंध शर्टाच्या बटणापुरता. पण बोललोय तर करायचं. धाकटीला सातवा लागलाय, तारीख जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातली. पहिलं बाळंतपण, त्यामुळे आता ती सांगलीतच आहे. हातात बारा रविवार. पुण्याकडं जिला गोधडी म्हणतात तीच आमची वाकळ. बाळापुरता आकार ठरवला : ३६ बाय ४२ इंच.

१० नोव्हेंबर

आज फक्त नमुना निवडायचा. तीन तास व्हिडिओ बघितले. प्रत्येक बाई आपल्या नमुन्याला 'एकदम सोपा' म्हणते, त्यामुळे त्या शब्दाचा काही उपयोग नाही.

चांदणीचा नमुना पहिल्या पाच मिनिटांत बाद. त्यात त्रिकोण आहेत, आणि त्रिकोणाची एक बाजू कापडाच्या धाग्याला तिरपी जाते, शिंपी ज्याला उरेब म्हणतात. उभा आणि आडवा धागा ताणला तरी फारसा हलत नाही. उरेब बाजू नुसत्या बोटांच्या दाबानंही लांबते. नवशिक्यानं तिच्या वाटेला जाऊ नये.

राहिलेल्यांसाठी ग्राफ पेपर काढला आणि सांधे मोजले. सांधा म्हणजे जिथं चार कोपरे एका टिंबावर यायला हवेत ती जागा. वाकळ वाकडी दिसते ती तिथंच. बाकीच्या चुका डोळा माफ करतो.

नऊ चौकटींचा नमुना (इंग्रजीत नाइन पॅच) चित्रात सगळ्यात बाळबोध वाटतो. सहा इंची ब्लॉक, त्यात दोन-दोन इंचाचे नऊ तुकडे. पण अख्ख्या वाकळेत ते आडवे १८ आणि उभे २१ होतात, म्हणजे आतले सांधे १७ गुणिले २०. तीनशे चाळीस! यातले शंभर जरी चुकले तरी झालं कल्याण. नुसते सहा इंची चौकोन जोडले तर सांधे ५ गुणिले ६, फक्त तीस. लॉग केबिन म्हणून एक आहे, मध्ये चौकोन आणि भोवती पट्ट्या. अमेरिकेत मधला चौकोन लाल ठेवायची जुनी रीत, घरातली चूल म्हणून. मला फार आवडला. पण दोन फेऱ्या धरल्या तरी ब्लॉकला ९ तुकडे, आणि पहिल्या पट्टीची चूक शेवटच्या पट्टीपर्यंत वाढत जाते. आवडून उपयोग नाही.

नुसत्या लांब पट्ट्या जोडल्या तर सांधे शून्य. पण बेचाळीस इंचाच्या शिवणी एकाच दिशेनं मारत गेलं की कापड धनुष्यासारखं वाकतं म्हणतात. शिवाय बाबा त्याला पायपुसणं म्हणतील.

ठरला तो रेल फेन्स. मी त्याला कुंपण म्हणतोय. तीन पट्ट्या जोडून एक चौकोन, आणि चौकोन एक उभा एक आडवा असे लावायचे. एकाच्या पट्ट्यांची टोकं शेजारच्याच्या सलग कडेवर येऊन थांबतात, त्यामुळे ब्लॉकच्या आत काही जुळवायचंच नाही. सांधे तीसच, आणि लांबून बघितलं तर जिना उतरल्यासारखी नक्षी. हिशेब : पट्टी अडीच इंच कापायची, दोन्ही बाजूंना पाव इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत जाणारं जास्तीचं कापड, शिवून दोन इंच उरते. ब्लॉक माया धरून साडेसहा, शिवून सहा. ६ बाय ७, एकूण ४२ ब्लॉक.

१७ नोव्हेंबर

आईचं पायमशीन गेली कित्येक वर्षं टेबल म्हणून काम करत होतं. वरचे पेपर, औषधांचा डबा, मिक्सरचं जुनं भांडं हलवलं. चामड्याचा पट्टा सैल पडून चाकावरून घसरत होता. अर्धा इंच कापून पिन पुन्हा घातली. तेल दिलं. सुई नवी घातली, उलटी. तिची सपाट बाजू कुठं येते हे आईनं न बघताच हातानं चाचपून सांगितलं.

२० नोव्हेंबर, मतदानाची सुट्टी

सकाळी मत देऊन आलो आणि मशीनवर बसलो. जुन्या उशीच्या अभ्र्याच्या अडीच इंची तीन पट्ट्या कापल्या, दोन शिवणी मारल्या, मोजलं. साडेसहा यायला हवं होतं, आलं सव्वासहा.

पाव इंच गेलं कुठं? आमच्या वर्कशॉपमध्ये इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. मी शिवण मशीनच्या फूटच्या (कापड दाबून धरणाऱ्या पायाच्या) कडेला धरून मारली होती, आणि या फूटची कड सुईपासून पाव इंचावर नाहीच, अर्धं सूत जास्त आहे. एका शिवणीत दोन कडांची माया जाते, म्हणून एक सूत. दोन शिवणी, दोन सूत. म्हणजे पाव इंच. अर्ध्या सुताच्या चुकीनं ४२ इंचाच्या वाकळेचे सात ब्लॉक पावणेदोन इंच खातील.

उपाय साधा निघाला. फूट उचलून सुई अगदी हळू खाली आणली, तिच्यापासून मोजून पाव इंचावर मशीनच्या पत्र्यावर काळी इन्सुलेशन टेप लावली, चार-पाच थर, म्हणजे कापडाला कठडा मिळाला. आता नजर सुईकडं ठेवायची नाही, टेपकडं ठेवायची. दुसरी चाचणी : साडेसहाला केसभर कमी. तिसरी : साडेसहा. संध्याकाळचा चहा त्या आनंदात दोनदा झाला.

२४ नोव्हेंबर

कापड पेठेत. सुती, इस्त्री सोसणारं, फार विरळ नाही आणि फार ताठ नाही, एवढं मागितलं. गडद निळं, लाल, आणि पांढऱ्यावर बारीक ठिपके. फोनवर तिन्हींचा काळापांढरा फोटो काढून बघितला. निळा आणि लाल त्यात जुळे भाऊ दिसतात. रंग वेगळे असले तरी गडदपणा सारखाच. ठिपक्यांमुळे चालून जाईल. दुकानदार माझ्याकडं संशयानं बघत होता.

पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ४४ इंच धरून हिशेब केला होता : ७ पट्ट्या गुणिले अडीच, साडेसतरा इंच, म्हणून प्रत्येकी अर्धा मीटर घेतलं. घरी येऊन मोजलं तर पन्हा ३६. पन्ह्याएवढ्या लांब पट्ट्या आधी जोडायच्या आणि त्या जोडपट्टीचे साडेसहा-साडेसहा इंचाला ब्लॉक कापायचे. ४४ च्या पन्ह्यात एका जोडपट्टीतून सहा ब्लॉक निघाले असते, ३६ मध्ये पाचच. नऊ जोडपट्ट्या लागणार, म्हणजे प्रत्येकी साठ सेंटिमीटर. दुकानात टेप काढून पन्हा मोजायला मला कुणी अडवलं नव्हतं.

आटवायला भिजत घातलं. लालच्या बादलीचं पाणी टोमॅटो साराच्या रंगाचं झालं.

२५ नोव्हेंबर

सकाळी दोरीवर वाळत घातलेलं कापड आईनं बघितलं.

"हे कुणाचं रं?"

"वाकळंचं. बाळाच्या."

आई शांतपणे दोरीवरून एकेक काढायला लागली. "बाळ जन्माला यायच्या आधी नवं कापड शिवत न्हाईत. आणि जन्मल्यावर पण पहिल्यांदा अंगाला जुनंच लावतात, मऊ असतं ते."

मी वाद घालणार होतो. पण धाकटी दारात उभी होती आणि तिचा चेहरा बघून गप्प बसलो. पुढं आईच म्हणाली, "जुन्याला काय दोष न्हाई. आजीची ट्रंक बघ." अर्धा मीटर गुणिले तीन कपाटात गेलं.

१ डिसेंबर

ट्रंक माळ्यावर होती म्हणून २०१९ च्या पुरात वाचली; खालच्या कपाटातलं सगळं गेलं होतं. आत आजीची दोन सुती नऊवारी लुगडी, एक गडद हिरवं, एक फिकं पिवळसर. आजोबांचं धोतर. आईच्या इचलकरंजीच्या दोन साड्या. डांबरगोळ्यांचा वास.

जुन्या कापडाची परीक्षा आईनं दाखवली. आधी उजेडासमोर धरायचं, विरलेला भाग जाळीसारखा दिसतो. मग दोन्ही अंगठे शेजारी ठेवून आडवं ताणायचं. टिकाऊ कापड ठप्प असा आवाज करतं, संपलेलं कापड कुरकुरतं आणि तिथंच सुटतं. हिरव्या लुगड्याचा बसायचा भाग पूर्ण संपलेला, पदराकडचा अजून शाबूत. आई म्हणाली, आजी लुगडं मधून फाडून बाजू बदलून पुन्हा शिवायची, दांड घालायची. ती शिवण सापडली पण. टाके मोजले : इंचाला बारा. माझे मशीनवर दहा येतात.

कात्री न वापरता पट्ट्या फाडल्या. सुती कापड टराटरा फाटतं ते बरोबर धाग्यावरून, त्यामुळे गुण्या न लावता सरळ पट्टी मिळते. कडेचे दोन-चार धागे लोंबतात तेवढेच.

४ डिसेंबर

आठ ब्लॉक झाले आणि आठही वेगवेगळे. सहा पूर्णांक तीन अष्टमांशपासून पावणेसातपर्यंत. टेप जागेवर आहे, माया बरोबर आहे. मग?

दूध घालायला येणाऱ्या हरिपूरच्या आक्का दारातच टेकल्या होत्या. त्यांच्या हातच्या वाकळा आमच्या गल्लीत चार घरांत आहेत. ब्लॉक हातात घेऊन त्यांनी उलटा केला, वास घेतला (का ते कळलं नाही), आणि म्हणाल्या, "लुगडं धुऊन धुऊन लोण्यागत झालंया. त्येच्या एवढ्या बारक्या पट्ट्या करून मशीनखाली घातल्यावर ती वढली जात्यात. पट्टी रुंद घे की."

"मग नमुना बदलतो, आक्का."

"आरं, वाकळंला कसला आलाय नमुना? कापड म्हणंल तसं करायचं."

बरोबर आहे त्यांचं. नवं कापड धरून काढलेलं ड्रॉइंग मी जुन्या कापडावर चढवत होतो. शॉपमध्ये मटेरियल बदललं की ड्रॉइंगला रिव्हिजन टाकतो, इथं टाकली नाही. रिव्हिजन १ : तीनऐवजी दोन पट्ट्या, साडेतीन-साडेतीन इंच. जोडून साडेसहा, शिवून सहा. ब्लॉकला शिवण एकच, म्हणून चूकही निम्मी. पट्ट्या फाडल्यावर तांदळाच्या पेजेत बुडवून वाळवायच्या आणि इस्त्री करायची, म्हणजे शिवून होईपर्यंत तरी ताठ राहतील. पेजेची कल्पना आईची.

८ डिसेंबर

नऊ जोडपट्ट्या झाल्या. हिरवी नि पिवळी, प्रत्येकी साडेतीन इंच गुणिले नऊ, साडेएकतीस इंच. नऊ वार लुगड्याचा दहावा हिस्साही लागला नाही. ४५ ब्लॉक निघाले, तीन जास्तीचे. मोजमाप : बहुतेक साडेसहा, दोन-तीन एक सूत इकडं तिकडं. इस्त्री घासत नेली की कापड पुन्हा ताणतं. उचलून ठेवायची, दाबायची, उचलायची. माया नेहमी हिरव्या बाजूला झोपवली, पिवळ्यातून ती काळपट दिसते.

१५ डिसेंबर

हॉलमध्ये मांडणी. उभा, आडवा, उभा, आडवा. जिना छान उतरत होता. फोटो काढून धाकटीला दाखवला, तिनं दोन सेकंदात एक ब्लॉक उलटा दाखवला. प्रत्यक्षात पंधरा मिनिटं त्याच्याकडंच बघत होतो. ओळींना चिठ्ठ्या लावून ठेवल्या.

२२ डिसेंबर

ओळी जोडल्या. एका ओळीची माया डावीकडं, पुढच्या ओळीची उजवीकडं दाबायची. मग सांध्यावर दोन्ही घड्या एकमेकींत खटकन बसतात, डोळे मिटून बोटाला कळतात. तीसपैकी बावीस सांधे नीट, आठ एक सुताहून जास्त चुकलेले. एक उसवून पुन्हा केला, तो आणखी बिघडला. बाकीचे सात तसेच.

२९ डिसेंबर

थर. खाली आईची इचलकरंजी, चारी बाजूंनी दोन इंच जास्त. मध्ये धोतराच्या दोन घड्या. पिंजाऱ्याकडून कापूस आणावा असं मनात होतं, पण कापूस भरला की ती रजई झाली. धुतल्यावर गोळे होतात, आणि बाळाची वाकळ रोज धुवावी लागणार. वाकळेत कापडावर कापडच.

चारी कोपऱ्यांवर वरवंटा, हळदीचा डबा, आणि दोन डंबेल. मधून बाहेर कच्चे टाके घातले. उचलायला गेलो तर सतरंजी पण आली.

५ जानेवारी २०२५

आक्कांनी सुरुवात करून दिली. काठाकडून आत, चौकोनात चौकोन, धावदोरा. सुईवर चार-पाच टाके भरून घ्यायचे आणि मग एकदम ओढायचं. मी एकेक टाका घालून ओढत होतो म्हणून कापड चुण्या धरत होतं. डावा हात कायम खाली, सुईचं टोक त्या बोटाला टोचलं म्हणजे समजायचं की सगळे थर पार झाले. अंगुस्तान उजव्या हाताला मिळालं, डाव्याचं काय?

कर्नाटकात उत्तर कन्नडकडच्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची वाकळ, शिवतात तीही अशीच, काठावरून फिरत फिरत मध्याकडं. त्या तर तुकडे आधी जोडतही नाहीत, शिवता शिवताच बसवत जातात. आक्कांना व्हिडिओ दाखवला. "व्हय, हिला येतंय," एवढंच म्हणाल्या.

हिशेब केल्याशिवाय राहवलं नाही. क्षेत्रफळ भागिले दोन ओळींतलं अंतर, म्हणजे एकूण दोऱ्याची वाट. इंचाइंचावर शिवलं तर १५१२ इंच, अडतीस मीटर. मी दोन इंच म्हणत होतो, आक्का "थर सरकतील" म्हणून बोटभर म्हणत होत्या. दीड इंचावर तह झाला : १००८ इंच. माझा वेग तासाला साठ इंच. सतरा तास.

१२ जानेवारी

सात तास झाले. बाहेरच्या फेऱ्या लांब असतात, म्हणून अजून आकडा आशादायक दिसत नाही. डाव्या हाताच्या मधल्या बोटाला चाळणी.

१५ जानेवारी

काल संक्रांत, सुई नाही. आज किंक्रांत, नवं काम धरायचं नसतं, पण हे जुनंच आहे, असा निकाल आईकडून मिळवला आणि दोन फेऱ्या घातल्या.

१९ जानेवारी

मध्यावर पोचलो. साडेएकोणीस तास लागले, अडीच जास्त. हिशेबात दोरा ओवायचा वेळ धरला नव्हता.

मागची बाजू बघितली. पहिल्या दोन फेऱ्यांचे टाके मुंग्यांची रांग विस्कटल्यासारखे, शेवटच्या दोन फेऱ्या बऱ्यापैकी एकसारख्या. गोट, म्हणजे कडेनं फिरणारी पट्टी, लावायचा राहिलाय. उरलेल्या साडीचे काठच गोट म्हणून घ्यायचे : विणीतच घट्ट असतात, आणि एका बाजूला किनार असल्यानं ती कड दुमडावी लागत नाही. घेर १५६ इंच, कोपऱ्यांना दहा धरून १६६. साडीचा एक काठ पुरून उरतो.

२२ जानेवारी

पहाटे मुलगी झाली. तारखेच्या थोडी आधीच आली. दोघी ठीक.

दवाखान्याच्या बाकावर बसून तीन बाजूंचा गोट लावला. शेजारचे एक आजोबा बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "कोपऱ्यात कापड जास्त धरा, नाहीतर टोक गोल येतंय." चौथा कोपरा टोकदार आलाय.

२ फेब्रुवारी

बारसं. बाळंतविड्यात झबली, टोपडी, लंगोट, दुपटी आणि सगळ्यात खाली वाकळ. डॉक्टरांनी सांगितलंय की एवढ्या लहान बाळाच्या अंगावर जाड पांघरूण घालून झोपवायचं नाही, म्हणून ती तेल लावायच्या वेळी खाली अंथरायला. अंथरल्यावर दहा मिनिटांत तिचं उद्घाटन झालं. लगेच धुतली. धुतल्यानंतर मोजली : साडेपस्तीस बाय एक्केचाळीस. पेज निघून गेली, धावदोऱ्यामुळे सगळीकडं बारीक चुण्या पडल्या आणि ते आठ चुकलेले सांधे आता मलाही शोधावे लागतात.

आक्कांनी मात्र वाकळ उलटी करून आधी पहिल्या दोन फेऱ्याच बघितल्या. मग बाळाकडं बघत म्हणाल्या, "मामानं केलीया, बोलायचं न्हाई काय."

९ फेब्रुवारी

आईनं कपाटातलं नवं कापड आणून मशीनवर ठेवलं. "आता शीव की."

लाल चौथ्या धुण्यात शांत झालं. ओल्या पांढऱ्या रुमालाखाली ठेवून इस्त्री फिरवली, रुमालावर डाग नाही. कापड ताठ आहे, म्हणजे तीन पट्ट्यांचं मूळ ड्रॉइंग चालेल. पन्हा ३६ होता, आटून ३५. अर्ध्या मीटरात अडीच इंची सात पट्ट्या, प्रत्येक जोडपट्टीतून पाच ब्लॉक. पस्तीस. ५ बाय ७, तीस बाय बेचाळीस इंच.

सांधे ४ गुणिले ६. चोवीस.